आधी चौथाई, मग दोन इंच

अक्का, तुम्हाला आपल्या लिंगायत रीतीने मातीत बसवून आलो त्याला आज अकरा दिवस झाले, आणि मी अजून मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालतेच आहे. वाद जुनाच. दोन पायऱ्यांची एक पायरी करावी की करू नये, हाच. तुम्ही सातवी शिकलेल्या, मी गणितात एमएस्सी. तुमचं मानवतच्या बाजारात शिवणाचं दुकान, माझी तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवण्याची नोकरी. तुम्ही थोरली जाऊ, मी धाकटी. एकोणीस वर्षं एका घरात काढली आणि शेजारपाजाऱ्यांनी वाट पाहिली तरी स्वयंपाकावरून किंवा साड्यांवरून आपण एकदाही भांडलो नाही. कंसावरून मात्र पुष्कळ भांडलो. अशा जावा जिल्ह्यात दुसऱ्या नसतील.

मी चुडाव्याहून लग्न होऊन आले, त्याच्या चौथ्या दिवशी तुम्ही मला आरशासमोर उभं केलंत. तोंडात चार टाचण्या, गळ्यात टेप. नव्या नवरीला काही विचारायची पद्धत तुमच्यात नव्हतीच. "हात वर कर," म्हणालात, टेप फिरवलीत आणि स्वतःशीच पुटपुटलात, "बत्तीस. चौथाई आठ. दोन वाढव. धा." मला राहवलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे एक्स भागिले चार, अधिक दोन."

तुम्ही तोंडातल्या टाचण्या काढल्यात. "काय म्हनायलीस?"

मग मी तिथेच, अर्धवट नेसलेल्या साडीत, तुम्हाला शिकवायला लागले. म्हटलं, अक्का, तुम्ही दोन फंक्शनं वापरता. एकात माप घातलं की त्याची चौथाई बाहेर पडते. ती चौथाई दुसऱ्यात घातली की दोन इंच वाढून बाहेर पडते. पहिल्यातून जे निघालं तेच दुसऱ्यात जातं. याला आम्ही संयुक्त फंक्शन म्हणतो. अकरावीत असतं. मुलं फार घाबरतात त्याला.

"म्हंजी मी इतके दिस गणितच करायलेय व्हय?" तुम्ही म्हणालात. "अन् कुनी सांगितलंच न्हाई मला!" आणि अशा हसलात की हातातल्या टाचण्या फरशीवर सांडल्या. त्या वेचता वेचता तुम्ही माझं नाव ठेवलंत, मास्तरीन. नोकरी लागायला अजून वर्ष होतं, पण पद तुम्ही आधीच बहाल करून टाकलंत.

आता ती गोष्ट सांगते. कोणती ते तुम्हाला कळलंच असेल. आपण दोघी तिच्याभोवती अठरा वर्षं जपून वावरलो. आज मीच सांगते, पहिल्यापासून, काही न लपवता.

माझी नोकरी नुकतीच लागली होती. गावातल्या मुलींच्या एका शाळेचे गणवेश तुमच्याकडे शिवायला आले होते. आकाशी कमीज आणि गडद निळी सलवार. साठ मुलींची मापं तुम्ही स्वतः शाळेत जाऊन घेतलीत, गुदगुल्या होतात म्हणून पळणाऱ्या पोरींना दरडावत. कापड बेतायला बसणार तोच चारठाण्याहून निरोप आला की तुमची आई न्हाणीत घसरून पडली. तुम्ही पिशवी भरलीत. जाता जाता दारातून मला म्हणालात, "विद्या, शबानाला बेतायची मापं काढून दे. आधी चौथाई, मंग दोन इंच. बास. सोमवारी शाळा भरायलीय."

शबाना तेव्हा दुकानात नवीन होती. कैची तिची सरळ चालायची, आकडे दिसले की मात्र घाम फुटायचा. तिला साठ ओळींची यादी करून द्यायची, एवढंच काम. कुणीही पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने केलं असतं. मी तक्ता केला. मोठा ड्रॉइंगचा कागद, लाल आणि निळी शाई. कारण त्याच आठवड्यात मला संयुक्त फंक्शनचा धडा पहिल्यांदा शिकवायचा होता आणि माझ्या डोक्यात दुसरं काही शिरत नव्हतं.

चौथाई करणारं फंक्शन एफ. दोन इंच वाढवणारं जी. आधी एफ, मग जी. म्हणून मी कागदावर बोलल्याप्रमाणे लिहिलं, एफ, मधे ते छोटं पोकळ वर्तुळ, मग जी. आणि नंतर ते पुस्तकातल्या नियमाने सोडवलं. नियम असा आहे की अशा मांडणीत उजवीकडचं फंक्शन एक्सच्या जवळ असतं, त्यामुळे काम आधी त्याचं. कंस आतून सोडवायचा. मी आधी दोन मिळवले, मग चाराने भागलं. अठ्ठावीसचे तीस, तिसाचे साडेसात. नियम चोख पाळला, फक्त मांडलं होतं उलटं. साध्या माणसाच्या हातून ही चूक होऊच शकत नाही, अक्का. तो तुम्ही सांगितलंत तसं भागेल, मिळवेल आणि चहा प्यायला जाईल. या चुकीसाठी एमएस्सी व्हावं लागतं.

त्यावर कडी म्हणजे मी सूत्राचं सोपं रूप करून ठेवलं. एक्स भागिले चार, अधिक अर्धा. दिसायला किती नेटकं! पण एकदा असं नेटकं केलं की आधी काय झालं आणि मग काय झालं याचा मागमूस राहत नाही. तक्त्यात दोनच रकाने होते, छातीचं माप आणि बेतायचं माप. मधली पायरी मी गिळून टाकली होती. शबानाने कापडाच्या थरावर थर लावले आणि दोन दिवसांत साठही कमीजा कापून ती मोकळी झाली.

शनिवारी तुम्ही परत आलात. आईचं हाड मोडलं नव्हतं म्हणून खुशीत होतात. शेजारच्या दुकानदाराची मुलगी त्याच शाळेत, तिला पहिली तयार कमीज घालून पाहिली. काखेत अडकली. ओढली तर टाके उसवले. पोरगी हात वर करून तशीच उभी, ना आत ना बाहेर. तुम्ही आधी तिला सोडवलंत, तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवून घरी पाठवलंत आणि मग भिंतीवरचा माझा तक्ता खाली घेतलात.

बोट ठेवलंत अठ्ठावीसवर. "अठ्ठावीसची चौथाई सात. दोन वाढवले की नऊ. हितं साडेसात कुटून आलं?"

मी मनात पुन्हा मांडून पाहिलं.

"आधी काय केलंस?"

"मिळवले."

"मंग?"

"भागले."

तुम्ही फक्त "हं" म्हणालात. तेवढ्यात पुढच्या बाजूने भावजी आत आले. तुमचे यजमान, माझे थोरले दीर. त्यांचा आवाज तर रेल्वे फाटकापर्यंत जायचा. "कुनी केलं हे? साठ पोरींचं कापड! सोमवारी काय पोतं नेसून जातील का त्या?"

खरं सांगते, अक्का, मी तोंड उघडलं होतं. पण आतून शब्द आला नाही. कॉलेजात माझा दुसरा आठवडा चालू होता. नव्या मॅडमना चौथाई काढता येत नाही, ही बातमी मानवतमध्ये पसरायला एक दुपार पुरली असती. मी फरशीकडे बघत राहिले.

"मीच केलं," तुम्ही म्हणालात. "फोनवर उलटं सांगितलं विद्याला. आईच्या घोरात व्हते. मी सांगितलं तसं तिनं लिवलं. तिच्यावर वरडू नका, अन् शबानावर बी न्हाई."

फोन तर तुम्ही केलाच नव्हता. तुम्ही दारातून सांगून गेला होतात, आणि बरोबर सांगून गेला होतात. तुम्ही तक्त्याची घडी घातलीत आणि इस्त्रीसाठी पेटवलेल्या कोळशात टाकलीत. शबाना माझ्याकडे बघत होती. तिला काय कळलं, काय नाही, ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

मग तुम्ही जे केलंत ते मी माझ्या प्राध्यापकांनाही करताना पाहिलं नव्हतं. कपाटातून दोन जुन्या, बरोबर मापाच्या कमीजा काढल्यात, एक लहान आणि एक मोठी. लहानीवर त्याच मापाची चुकलेली ठेवलीत, मग मोठीवर तिच्या मापाची. दोन्हीकडे टेप लावलीत. आणि वर न बघता म्हणालात, "ल्हानीला बी दीड इंच कमी, मोठीला बी दीडच. समद्याला सारखंच कमी पडतंय. मंग एकच पट्टी पुरंल की गं."

मला त्या संध्याकाळी वही घेऊन बसावं लागलं. एक्स भागिले चार अधिक दोन, उणे, कंसात, एक्स भागिले चार अधिक अर्धा. एक्स उडून जातो. उरतो दीड. मुलगी कुठल्याही मापाची असो, क्रम उलटा केल्याचा घोटाळा दीड इंचाचाच. जे सिद्ध करायला मला अर्धं पान लागलं ते तुम्ही दोन कमीजा एकमेकींवर ठेवून पाहिलं होतं. मी आनंदाने ओरडत तुमच्याकडे आले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मला आनंदाने ओरडायचा काही अधिकार नाही.

सलवारीच्या निळ्या कापडातून तुम्ही पट्ट्या काढल्यात. काखेपासून खालपर्यंत, पुढचा दीड आणि मागचा दीड मिळून दोन्ही बाजूंना तीन इंच दिसेल अशी कळी. मी बटणं लावली. ती शिक्षा नव्हती, तुम्ही मला शिक्षा केलीच नाहीत. उलट मधेच चहा करून दिलात आणि म्हणालात, "मास्तरीन, बटन तरी एकामागं एकच लाव. त्यात आधी-मंग न्हाई." सोमवारी साठ मुली निळ्या कळ्यांच्या कमीजा घालून शाळेत गेल्या. मोठ्या बाईंनी तुम्हाला बोलावून घेतलं. आम्ही सगळे घाबरून बसलो. तुम्ही आलात ती बातमी घेऊन की बाईंना नमुना फार आवडला, पुढच्या वर्षीही असाच हवा. तेव्हापासून त्या शाळेचा गणवेश तोच आहे. रोज सकाळी कॉलेजला जाताना मला माझी चूक रस्त्याने घोळक्याने हसत जाताना दिसते.

घरात तिला नाव पडलं, अक्कांची चूक. सणावारी पाहुणे जमले की भावजी रंगवून सांगायचे. तुम्ही पदर तोंडाला लावून हसायच्या. मीही हसायची. इथवरही कदाचित माफ होईल. पुढचं सांगायला मला जड जातंय.

पहिल्या वर्षी वर्गात मुलांना कळेना की क्रम बदलला तर उत्तर का बदलतं. सगळे मख्ख. माझ्या तोंडून निघून गेलं, "एका शिंपीणबाईनं काय केलं माहीत आहे का? आधी भागायचं तर आधी मिळवलं!" वर्ग हसला. फळ्यावर अठ्ठावीस घेतले, एकदा असे, एकदा तसे. त्या दिवशी एकूण एक पोराला समजलं. मग काय, दरवर्षी तीच गोष्ट. दरवर्षी त्यात थोडं मीठमसाला जास्त. शिंपीणबाई भोळी झाली, मग विसरभोळी झाली, कमीजेत अडकलेल्या मुलीचे हात वर्षागणिक जास्त वेळ हवेत राहू लागले. हातखंडा प्रयोग झाला माझा. आपल्या चुकीवर दुसऱ्याचं नाव टाकून मी शिक्षिका म्हणून नाव कमावलं, आणि ते दुसरं माणूस संध्याकाळी मला गरम भाकरी वाढत होतं.

मग तुमची रेवती अकरावीला माझ्याच वर्गात आली. त्या वर्षी तरी मी ती गोष्ट गाळायला हवी होती. मुलांनी आग्रह केला, वरच्या वर्गाकडून ऐकून होती ती. मी सांगितली. पहिल्या बाकावर बसलेली रेवती हसली नाही. घरी आली आणि दप्तरही न ठेवता तुम्हाला म्हणाली, "आई, काकूंनी वर्गात तुझीच गोष्ट सांगितली ना?"

मी स्वयंपाकघरात होते. हातात झाकण होतं, ते कुठे ठेवावं कळेना.

"हाव की," तुम्ही म्हणालात. "मला कुटं हिशेब येतो, बाई."

रात्रीच्या जेवणाआधी तुम्ही मला अंगणात गाठलंत. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही विचारलंत, "पोरांना समजतं का गं त्या गोष्टीनं?" मी मानेनेच हो म्हटलं. "मंग सांगत जा. कशाला थांबायलीस." आणि जाऊन जेवायला बसलात. मी तुमच्यावर इतकी चिडले होते त्या दिवशी! मोठेपणाचं एवढं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला ठेवायचं? एक थोबाडीत दिली असती तर मी सुटले असते.

रेवतीने मात्र ते मनावर घेतलं. तेव्हापासून ती तुमची मापं मोबाईलवर तपासायची. "आई, थांब, मी बघते," म्हणायची. सत्तावीसची चौथाई पावणेसात हे तुमच्या तोंडात तयार असायचं, तरी तुम्ही ती बटणं दाबेपर्यंत कैची उघडी धरून थांबायच्या. मी बघायची आणि गप्प बसायची. मला त्यात सराव झाला होता.

या सगळ्यात आपला वाद तेवढा चालू राहिला. मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगत असे की चूक माझ्या मांडणीत होती, सूत्रात नव्हे. नीट मांडलं की दोन फंक्शनांचं एक होतं, एकदाच शोधा आणि जन्मभर वापरा. रोज दोन पायऱ्या कशाला? हे बोलताना आपण दोघीच असायचो, म्हणून मला 'चूक माझी' एवढं तुमच्यासमोर इतक्या सहज म्हणता यायचं; तो आळ तुम्ही का घेतलात, हे मात्र कधी निघालं नाही. तुम्ही ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "बरोबर हाय तुजं. पन मला मधला आकडा लागतो."

"कशाला लागतो?"

"सात आला की मी पोरीकडं बघते. बारकी हाय का, वाढायलीय का, खांदे कसे हायत. मंग दोन वाढवायचे का सव्वादोन, ते ठरतं. तुज्या सूत्रात मला बघायला जागाच न्हाई."

मी म्हणायची, ते फंक्शन राहिलंच नाही मग, एका मापाला एकच उत्तर पाहिजे. तुम्ही म्हणायच्या, मंग ऱ्हाऊ दे. तुमच्या या सव्वादोनचा फायदा मीच सगळ्यात जास्त घेतला. मी फळ्यावर लिहिते तेव्हा उजवा हात सारखा वर जातो, आणि तिकडे ब्लाउज ओढला जायचा. मी कधी बोलले नव्हते. एकदा तुम्ही काहीतरी द्यायला कॉलेजात आलात, दारातून मला लिहिताना पाहिलंत, आणि त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक ब्लाउजला उजव्या काखेत जास्तीची कळी असते. डाव्या नाही. आजही जो घातलाय त्याला आहे. अजूनही मला तुमचं म्हणणं अर्धंच पटतं, अक्का. परीक्षेत असं चालत नाही. पण अर्धं पटतं, हे तरी तुम्ही असताना सांगायला हवं होतं.

तुम्हाला परभणीला दवाखान्यात ठेवलं तेव्हा दुपारची पाळी माझी होती. तिसऱ्या दिवशी तुम्हाला जरा बरं वाटत होतं. गळ्यातलं लिंग हातात घेऊन तुम्ही पडल्या पडल्या पूजा उरकलीत, कपाळाला विभूती लावून घेतलीत. मी ठरवून आले होते. म्हटलं, "अक्का, त्या कमीजांचं मला बोलायचंय."

"कोनत्या कमीजा?"

"निळ्या कळीच्या."

तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोपलात. मग म्हणालात, "चांगल्या दिसतात पोरी त्यात." तेवढ्यात सलाईन बदलायला नर्स आली. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलण्यासारख्या नव्हता. मला सांगा, तुम्ही विषय बदललात की विषय संपवलात? बावीस वेळा तरी त्या वाक्याचा अर्थ लावलाय, दरवेळी वेगळा येतो.

तुम्ही गेल्यावर बाया भेटायला येत होत्या. रडून झालं की तुमच्या आठवणी काढायच्या, आणि मग हमखास कुणीतरी म्हणायचं, अक्कांनी आयुष्यात एकच चूक केली आणि तिचीसुद्धा फॅशन झाली. सगळ्या डोळे पुसत हसायच्या. पाचव्या दिवशी रेवती म्हणाली, "आईला हिशेब न्हवता येत. पण हात लय चांगला होता तिचा." ती प्रेमाने म्हणाली, अक्का. तिला वाटलं ती तुमचं कौतुक करतेय.

मी त्या दुपारी दुकानात गेले. आता रेवतीच बसते तिथे. शबाना मशीनवर होती. मी म्हटलं, दोघी जरा थांबा. आणि सांगितलं सगळं. तक्ता, एफ आणि जी, उलटी मांडणी, फरशीकडे बघणं, वर्गातलं हसणं.

शबाना म्हणाली, "मला ठाऊक व्हतं, मॅडम. भाबींनी कुनाला बोलायचं न्हाई म्हनून कसम घातली व्हती." आणि तिने मशीनवर डोकं टेकवलं.

रेवती उठली. तिने तुमची मापांची वही काढली. प्रत्येक नावापुढे तुमचे तीन आकडे, अंगाचं माप, चौथाई, बेत. ती एकेका ओळीवरून बोट फिरवत गेली. पान उलटलं, पुन्हा बोट. मी उभी. चार पानं झाल्यावर तिने वर पाहिलं. "एक पण चुकलेलं न्हाई यात. अन् मी तिला रोज थांबवायची." मी तिचा हात धरायला गेले, तिने तो मागे घेतला. "मला कशाला सांगता, काकू? जिथं हसलात तिथं सांगा."

तुमचीच पोरगी. गोड बोलायला तुमच्यासारखं शिकायची आहे अजून, पण चूक नेमकी कुठे दुरुस्त करायची ते तिला बरोबर दिसलं.

तुम्ही गेल्यानंतर काल मी पहिल्यांदा वर्गावर गेले. या वर्षीच्या अकरावीला ती गोष्ट गेल्याच महिन्यात सांगून झाली होती. विचारलं, "ती शिंपीणबाई आठवते का?" लगेच हशा. मागच्या बाकावरून आवाज आला, "आधी मिळवलं, मॅडम!" नेहमी हाच आवाज ऐकून मला बरं वाटायचं.

मी म्हटलं, "ती चूक त्यांनी केली नव्हती. त्यांनी बरोबर सांगितलं होतं. चूक मी केली होती, आणि आरोप त्यांनी स्वतःवर घेतला. मी तो अठरा वर्षं त्यांच्यावरच राहू दिला."

हसावं की नाही ते पोरांना कळेना. मी फळ्यावर सगळं मांडलं, माझी उलटी मांडणी, साडेसात, आणि त्याखाली तुमचं सात आणि नऊ, दोन वेगळ्या पायऱ्यांत. तुमच्या पायऱ्या मी या वेळी एक केल्या नाहीत. मागच्या बाकावरचा तोच मुलगा उठला. "मॅडम, मग त्यांनी कुणाला सांगितलं कसं न्हाई?" मी म्हटलं, नाही सांगितलं. मला याहून जास्त माहीत नाही.

मग पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "त्यांचं नाव काय होतं, मॅडम?"

हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. भावजी तुम्हाला रेवतीची आई म्हणायचे, गाव टेलरबाई म्हणायचं, शबाना भाबी म्हणायची, मी अक्का. वर्गात तर तुम्ही नुसत्या एक शिंपीणबाई होतात. मी फळा पुसला. मधोमध, मोठ्या अक्षरांत लिहिलं, महानंदा. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होते, आणि शेवटचं अक्षर काढेपर्यंत मला रडू आवरलं नाही. वर्गासमोर रडले मी, अक्का. पाठमोरी होते, तरी सगळ्यांना कळलंच असणार.

वळले तेव्हा माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. फळ्यावर जे येईल ते उतरवून घ्यायची आमच्या मुलांना सवय आहे. सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि सगळा वर्ग तुमचं नाव वहीत लिहून घेत होता.